ब्रिस्टलची मुलं आणि आपले फोटो

ब्रिस्टल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना आम्ही ठरलेल्या चार जागी नेतो. एव्हन नदीच्या घळीवरचा झुलता पूल, गोदीतलं ‘ग्रेट ब्रिटन’ जहाज, कॉलेज ग्रीनवरचा राजा राममोहन रॉय यांचा पुतळा आणि आर्नोस व्हेलच्या दफनभूमीतली त्यांची समाधी. क्लिफ्टनमधल्या ओकफील्ड ग्रोव्ह या रस्त्यावर ओकफील्ड हाउस नावाची विद्यापीठाची एक इमारत आहे, तिकडे मात्र आजवर एकाही पाहुण्याला नेलेलं नाही. नेऊन दाखवणार काय? तरीही आज तुम्हाला तिथेच न्यायचंय. त्याआधी घरचं एक सांगावं लागेल.

आमची लेक २००८ साली इथल्या साउथमीड हॉस्पिटलात जन्मली. तिचं जावळ सांगलीला काढलं. तो फोटो तुमच्याही घरी असणार: तुळतुळीत डोकं, गालावर तीट, मामाच्या मांडीवर भोकाड पसरलेलं पोर. २०११ च्या सुमारास माझ्या आईने फेसबुक उघडलं आणि हळूहळू नातीचे सगळे फोटो तिथे चढवले. दर वाढदिवसाला त्याखाली तिचं पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, गाव. आशीर्वाद देणाऱ्यांत माझ्या माहेरच्या आडनावाची पन्नास माणसं. (आईचं माहेरचं आडनाव काय, हे इथल्या बँका ओळख पटवायला वर्षानुवर्षं विचारत आल्या आहेत. आमच्या बाबतीत त्यांनी आजीचं फेसबुक उघडलं असतं तरी भागलं असतं.) आम्ही लांब राहणारी माणसं. आजीला नात दिसत होती ती त्या फोटोंतूनच, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मीच ते फोटो पाठवत होते.

लेक चौदा वर्षांची असताना तिच्या वर्गातल्या कुणीतरी आमचं आडनाव शोधयंत्रात घातलं. आडनाव तसं दुर्मीळ, आजीचं खातं सताड उघडं. जावळाचा फोटो दुसऱ्या दिवशी वर्गभर फिरला. हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण ज्याचं हसं होतं त्याला ते हसण्यावारी नेता येत नाही. त्या रात्री तिने मला विचारलं, ‘‘मला विचारलं होतंस?’’ मी म्हटलं, ‘‘अगं, तू तीन वर्षांची होतीस.’’ ती म्हणाली, ‘‘मग नंतर?’’

त्या ‘मग नंतर?’पाशी मी अडकले. उत्तर शोधताना लक्षात आलं की याच शहरात, माझ्या कामाच्या रोजच्या रस्त्यावर, काही माणसांनी हा प्रश्न फेसबुक जन्मण्याच्या चौदा वर्षं आधी स्वतःला विचारला होता.

तेव्हा हा सगळा भाग एव्हन परगण्यात मोडत होता. १९७४ साली आलेला आणि १९९६ साली मोडीत निघालेला हा परगणा आता फक्त दोन-तीन नावांत उरलाय. त्यातलं एक नाव म्हणजे ॲल्स्पॅक, आई-वडील आणि मुलं यांचा एव्हनमधला दीर्घकालीन अभ्यास. गावात त्याला सगळे ‘चिल्ड्रन ऑफ द नाइन्टीज’ म्हणतात. जीन गोल्डिंग या साथरोगशास्त्रज्ञ बाईंनी तो उभा केला. १ एप्रिल १९९१ ते ३१ डिसेंबर १९९२ या काळात ज्यांची बाळंतपणाची तारीख होती अशा या भागातल्या गरोदर बायकांना त्यात बोलावलं गेलं. १४,५४१ गरोदरपणांची नोंद झाली. एका मध्यम शहरातल्या आणि त्याच्या आसपासच्या गावांतल्या इतक्या घरांनी स्वतःला वहीत लिहून दिलं. वही भरते आहे ती अजूनही. त्या मुलांना मुलं झाली, त्यांचीही पानं सुरू झाली.

आपल्याकडे नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. पणजोबा कधी आले, कुणाच्या अस्थी घेऊन आले, बरोबर कोण होतं, सगळं त्यात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ॲल्स्पॅक म्हणजे तसंच काहीतरी वाटलं. पण रामकुंडावरच्या वहीत नावं असतात, आणि इथल्या वहीत नावांखेरीज सगळं. आईने काय खाल्लं, ती सिगारेट ओढत होती का, नवऱ्याशी पटतं का, मन उदास असतं का, घरात ओल आहे का. शिवाय रक्त, लघवी, केस, नखं, दुधाचे दात आणि बादल्यांत जपून ठेवलेल्या हजारो वारा. हो, वारा. आपल्याकडे सुईण जी पुरून यायची ती. आमच्या कार्यालयात १९९२ साली जन्मलेली एक सहकारी आहे. ती मजेत सांगते, ‘‘मी इथे बसलेय, पण माझा पहिला दात आणि आईची वार विद्यापीठाकडे आहे.’’

या माहितीतून काय निघालं ते सांगायला दुसरा लेख लागेल. एक उदाहरण देते. २००३ साली याच मुलांच्या नोंदींवरून असं दिसलं की ज्या बाळांच्या चट्टे उठलेल्या कातडीवर शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं लावली होती, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं प्रमाण जास्त होतं. ‘बाळाला कोणतं मलम लावता’ असा क्षुल्लक प्रश्न आधीच विचारून ठेवला होता, म्हणूनच हे कळलं.

आता मुद्द्याचं. मोठी माहिती गोळा करायची तर आधी ती कुणाची, हे ठरवावं लागतं. १९९० साली, एकही बाळ नोंदलं जाण्याआधी, गोल्डिंग बाईंनी अभ्यासाची स्वतःची नीती आणि कायदा समिती बसवली. कायद्याने तशी सक्ती नव्हती. ब्रिटनमध्ये तेव्हा १९८४ चा माहिती-संरक्षण कायदा होता खरा, पण तो संगणकातल्या नोंदींपुरता. रुग्णालयांच्या नीती समित्याही होत्या, त्या एकेका प्रयोगाला मान्यता देणाऱ्या. पन्नास वर्षं चालू शकेल अशा अभ्यासासोबत राहून, दर वळणावर ‘हे विचारावं का, कुणाला सांगावं, कुणाला सांगू नये’ हे ठरवणारी समिती ही नवलाईची गोष्ट होती. तिच्या अध्यक्षपदी होते ब्रिस्टल विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक मायकेल फर्मस्टन. करार कायद्यावरच्या त्यांच्या जाडजूड पाठ्यपुस्तकावर इथल्या वकिलांच्या पिढ्या पोसल्या आहेत. मला ही निवड फार बोलकी वाटते. माणूस ‘हो’ म्हणतो म्हणजे नेमकं कशाला हो म्हणतो, याचाच आयुष्यभर विचार केलेला माणूस तिथे बसला.

समितीपुढे आलेले पेच आजही ताजे आहेत. एखाद्या आईच्या उत्तरातून मुलाला मारहाण होत असल्याचं दिसलं तर? गुप्ततेचं वचन पाळायचं की मोडायचं? रक्तात काही दोष सापडला तर कळवायचं का? आईने बाळाच्या वतीने दिलेली परवानगी कुठवर पुरते? सगळ्यांची उत्तरं एकदम मिळाली नाहीत, काही वेळा मतही बदललं. पण काही गोष्टी पक्क्या बसल्या. नावं एकीकडे, उत्तरं दुसरीकडे. संशोधकाच्या हाती येतात ते निव्वळ क्रमांक, आणि प्रत्येक संशोधन-प्रकल्पाला वेगळे, म्हणजे दोन प्रकल्पांनी आपापल्या याद्या जोडून पाहू नयेत. तक्त्यातल्या एखाद्या खान्यात पाचाहून कमी माणसं येत असतील तर तो आकडा छापायचा नाही, कारण ‘या वॉर्डातली जुळी असलेली अमुक वयाची आई’ एवढ्यावरून गाव ओळखतं. पुढे अभ्यासात सहभागी असलेली माणसंही समितीत बसू लागली.

हे सगळं शहाणपण ब्रिस्टलच्या पाण्यातच होतं असं मात्र समजू नका. त्याच शहरात, त्याच वर्षांत, दोन मैलांच्या आत याच्या नेमकं उलट घडत होतं. ब्रिस्टल रॉयल इन्फर्मरीत लहान बाळांच्या हृदयावर शस्त्रक्रिया होत होत्या आणि बाळं जास्त दगावत होती. इयन केनेडी यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशीचा अहवाल २००१ साली आला. १९९१ ते १९९५ या काळात, इतर ठिकाणी जितके मृत्यू झाले असते त्याहून ३० ते ३५ बाळं इथे अधिक गेली, असं त्यात म्हटलं होतं. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ कधीचे ओरडत होते, त्यांना ऑस्ट्रेलिया गाठावी लागली. पण मला त्यातली जी गोष्ट विसरता येत नाही ती वेगळीच आहे. चौकशी चालू असताना आईबापांना कळलं की शवविच्छेदनानंतर त्यांच्या मुलांची हृदयं डॉक्टरांनी ठेवून घेतली होती. अभ्यासासाठी. विचारलं कुणी नव्हतं, निदान त्यांना समजेल असं तरी नाही. ज्यांनी लेकरू पुरलं होतं त्यांना कळत होतं की आपण सगळं लेकरू पुरलं नाही. यावर २००० च्या मे महिन्यात स्वतंत्र अहवाल निघाला, लिव्हरपूलच्या ऑल्डर हे रुग्णालयातलं त्याहून मोठं प्रकरण याच चौकशीतून बाहेर आलं, आणि २००४ चा मानवी ऊतींविषयीचा कायदा झाला. त्या कायद्याचा पाया एका शब्दावर आहे: संमती.

तुम्ही म्हणाल, कुठे मेलेल्या बाळाचं हृदय आणि कुठे जावळाचा फोटो. मान्य. तुलना करत नाहीये. पण डॉक्टरांची मनोवृत्ती पाहा. ती क्रूर नव्हती. ‘यात विचारायचं काय, चांगल्यासाठीच तर आहे’ अशी होती. ती मला ओळखीची वाटली.

आता ‘मग नंतर?’चं उत्तर. नव्वदीतली ती मुलं २००९-१०च्या सुमारास अठरा वर्षांची होऊ लागली. तोवरची सगळी परवानगी आईची होती. अठरा झाल्यावर अभ्यासाने त्या मुलांच्या नावे पत्रं पाठवली. तुमच्या आरोग्याच्या आणि सरकारदरबारच्या इतर नोंदी आम्हाला अशा अशा कामासाठी वापरायच्या आहेत, चालेल का? सोबत फॉर्म, त्यात हो किंवा नाही कळवण्याची सोय. ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या नोंदी घेतल्या नाहीत. ज्यांच्यापर्यंत पत्रच पाठवलं गेलं नव्हतं, त्यांच्याही घेतल्या नाहीत. हे दुसरं वाक्य मला पहिल्याहून मोलाचं वाटतं. गप्प बसलेल्याचा होकार धरायचा, हा तर आपल्याकडचा लग्न ठरवण्यापासूनचा रिवाज!

याच वर्षांत बाहेर काय चाललं होतं बघा. फेसबुक २००४ साली निघालं, २००६ च्या सप्टेंबरात तेरा वर्षांवरच्या सगळ्यांना खुलं झालं. (हा तेराचा आकडा कुठल्या बालमानसशास्त्रातून आलेला नाही. अमेरिकेच्या १९९८ च्या एका कायद्याने तेराखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची परवानगी लागू लागली, म्हणून कंपन्यांनी दारावर तेरा लिहिलं.) तिथेही संमती होतीच. लांबलचक अटींखालच्या एका बटणाची, आणि कायमची.

ती किती दूर जाते हे २०१८ साली केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात कळलं. अलेक्झांडर कोगन यांनी फेसबुकवर व्यक्तिमत्त्व-चाचणीचं एक ॲप आणलं होतं. ते घेणाऱ्याची माहिती तर ॲपला मिळेच, वर त्याच्या मित्रांचीही मिळे. जगभरातून आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत लोकांची माहिती अशी गेली असावी, असं फेसबुकनेच सांगितलं. त्यातला भारताचा हिशेब मी तेव्हा वहीत उतरवून ठेवला होता. ॲप घेणारे ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता असलेले ५,६२,४५५. म्हणजे एका माणसाने हो म्हटलं की सोळा-सतराशे माणसं न विचारता त्यात गेली. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी फेसबुकला पाच लाख पौंडांचा दंड केला. जुन्या १९९८ च्या कायद्यात त्याहून जास्त दंडाची तरतूदच नव्हती. पुढे अपील झालं, २०१९ साली तडजोड झाली, कंपनीने दंड भरला पण दोष कबूल केला नाही.

आपल्या कुटुंबात एकाने हो म्हटलं की सगळ्यांचं हो धरलं जातं. पत्रिकेत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ लिहिताना कुणाकुणाचं नाव टाकू हे कोण विचारतं? म्हणून ३३५ चा तो आकडा वाचून मला भारताविषयी आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य याचं वाटलं की अमेरिकेतल्या कंपनीने ही एकत्र कुटुंबाची रीत इतकी बरोबर हेरली होती.

इकडे ओकफील्ड हाउसमध्ये वेगळाच विचार शिजत होता. दर दोन-चार वर्षांनी प्रश्नावली पाठवून माणसाचं मन कसं आहे ते विचारतो, पण ट्विटरवर तो रोज लिहितो. ते जोडून घेता आलं तर नैराश्य कधी येतं, कसं सरतं, हे समजेल. हाती चौदा हजार घरांची माहिती होती, ट्विटरचे मजकूर सगळ्या जगाला उघडे होते. एखादी कंपनी दुपारपर्यंत काम उरकून मोकळी झाली असती. यांनी आधी सहभागींना बोलावून गट-चर्चा घेतल्या. मूळ मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्याही. त्यावरचा निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. लोक एकंदरीत तयार होते, आणि का, तर ‘या मंडळींना आम्ही जन्मापासून ओळखतो’ म्हणून. कंपन्यांवरचा अविश्वास आणि या इमारतीवरचा विश्वास एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदत होता. शंका होत्या त्या वेगळ्या. मी ट्विटरवर दिसते तशी खरी आहे का? माझ्याशी बोलणाऱ्या मैत्रिणीने कुठे परवानगी दिलीय?

मग त्यांनी एपिकॉझम नावाची संगणक-प्रणाली लिहिली. परवानगी देणाऱ्यांचे मजकूर ती अभ्यासाच्या भिंतीआडच घेते आणि तिथेच त्यांचे आकडे काढते. बाहेरच्या संशोधकाला कुणाचंही मूळ वाक्य दिसत नाही. कारण सरळ आहे: ट्विटरवरचं एक वाक्य शोधयंत्रात टाकलं की माणूस सापडतो, मग क्रमांक लावून उपयोग काय? १९९० च्या ‘नावं एकीकडे, उत्तरं दुसरीकडे’ या नियमाचंच हे नवं रूप. गंमत अशी की २०२३ साली ट्विटरने फुकटात मजकूर मिळण्याचं दारच बंद केलं. सहभागींनी हो म्हटलं, समितीने हो म्हटलं, पण माहितीच्या फाटकावर बसलेला निराळाच निघाला.

आणि ज्यांनी विचारलं नाही त्यांची गोष्टही याच शहरातली. कॉलेज ग्रीनवर, राममोहन रॉय यांच्या पुतळ्यासमोरच, सिटी हॉल आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात काही कागदपत्रं फुटली. विशेष गरजा असलेल्या मुलांचे पालक महापालिकेच्या शिक्षण-व्यवस्थेवर समाजमाध्यमांतून टीका करत होते. पालिकेच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे मजकूर गोळा करून आपसात फिरवले होते, असं त्यांत दिसत होतं. पालिकेने स्वतः चौकशी करून सांगितलं की पद्धतशीर पाळत अशी काही नव्हती. पालकांचं समाधान झालं नाही, नगरसेवकांनीही बाहेरच्या चौकशीची मागणी लावून धरली.

‘सगळ्यांना दिसेल असं लिहिलं, मग तक्रार कसली?’ असं तेव्हा आमच्या मराठी मंडळींतही बरेच जण म्हणाले. मीही क्षणभर म्हटलं. पण पारावर बसून गावकारभाराला नावं ठेवणं वेगळं आणि पारामागे कुणीतरी वही घेऊन बसलंय हे कळणं वेगळं. ब्रिटिश कायद्यालाही हा फरक कळतो. अधिकाऱ्याने उघडं पान एकदा पाहणं निराळं. तेच पुन्हा पुन्हा पाहून एखाद्याविषयी नोंद रचत जाणं ही छुपी पाळत ठरू शकते आणि तिला रीतसर मंजुरी लागू शकते, असं २०१८ च्या सरकारी संहितेत लिहिलं आहे. अशा कडकपणामागे एक जुनी लाज आहे. २००८ साली डॉर्सेटमधल्या पूल गावच्या पालिकेने एका कुटुंबावर जवळजवळ तीन आठवडे पाळत ठेवली होती. गुन्हा काय? मुलीच्या शाळा-प्रवेशासाठी दिलेला पत्ता खरा की खोटा! दोन वर्षांनी न्यायाधिकरणाने ते बेकायदा ठरवलं.

भारतात हा हक्क उशिरा आला, पण आला तो घरातूनच आला असं म्हणावं लागेल. १९७६ साली आणीबाणीत, सरकारने कुणालाही उचललं तरी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत यशवंत चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यातलं मुख्य निकालपत्र धनंजय चंद्रचूडांचं. त्यात त्यांनी वडिलांचा तो निकाल चुकीचा म्हणून बाजूला सारला. पीठावर नागपूरचे शरद बोबडेही होते. माझ्या कामाचं पान मात्र न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचं. मुलं समाजमाध्यमांवर कायमचे ठसे उमटवून ठेवतात, पोरवयातल्या चुकांची शिक्षा त्यांना जन्मभर का व्हावी, असं त्यांनी लिहिलं आहे. आपल्या मुलांनी काय टाकलं याची त्यांना काळजी होती. आजीने काय टाकलं, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला नव्हता.

तो नेदरलँडमध्ये आला. २०२० साली एका आजीने नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवरून काढायला नकार दिला, तेव्हा मुलीने न्यायालय गाठलं. युरोपच्या माहिती-संरक्षण कायद्यात घरगुती व्यवहाराला सूट आहे. पण २००३ सालीच युरोपच्या न्यायालयाने बोडिल लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडिश बाईंच्या खटल्यात एक रेघ ओढली होती. बाईंनी चर्चमधल्या सहकाऱ्यांची माहिती, एकीचा पाय दुखावल्याची बातमी धरून, संकेतस्थळावर टाकली होती. न्यायालय म्हणालं, अगणित लोकांना दिसेल ते घरगुती नव्हे. डच न्यायाधीशांनीही तसाच विचार केला: फोटो काढा, नाहीतर दिवसाला ५० युरो, कमाल १,००० युरो.

तो निकाल मी वाचला तेव्हा मला कायदा पटला आणि आजीची बाजू जास्त पटली. दोन्ही अजून पटतात. युरोपच्या न्यायालयांनी जी रेघ ओढली ती घराच्या उंबऱ्यावर. आपल्यासारख्यांचा उंबरा कुठे असतो सांगा. अर्धं घर सांगलीत, अर्धं ब्रिस्टलात, आणि मधल्या ओसरीचं भाडं घेणारी कंपनी कॅलिफोर्नियात. वयाचाही घोळ आहेच. ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्याने माझी मुलगी तेराव्या वर्षापासून ऑनलाइन सेवांना स्वतः संमती देऊ शकते. भारताच्या २०२३ च्या कायद्यात तिच्या कोल्हापूरच्या मामेभावाला त्यासाठी अठराचं व्हावं लागेल. दोघं एकमेकांना मिनिटामिनिटाला फोटो पाठवतात.

आईला सांगण्याचं काम मी दोन महिने पुढे ढकललं. शेवटी लेकीनेच फोन केला, मी स्वयंपाकघरात ऐकत उभी. आई आधी दुखावली. ‘‘माझ्या नातीचा फोटो मी नाही लावायचा तर कुणी लावायचा?’’ मग बराच वेळ काही ऐकू येईना. मग म्हणाली, ‘‘तुला हसले का गं ती पोरं?’’ खातं कुलूपबंद करायला भावाचा मुलगा आला, दीडशेच्या वर फोटो एकेक करून दोघांनी पाहिले. जावळाचा गेला. काही राहिले, ते लेकीने ठेवा म्हटलं म्हणून. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात गेलेले काय कुणाच्या हाती लागायचे! ते सत्त्याऐंशी फोनांत आहेत आणि तिथेच राहणार. मी त्याबद्दल कुणाला काही बोललेही नाही. बोलायला हवं होतं.

आता आई आधी विचारते. मागच्या दिवाळीला आम्ही सांगलीला होतो. परत आल्यावर चार दिवसांनी पहाटे, म्हणजे तिच्याकडे सकाळी, लेकीच्या फोनवर फोटो आला: अंगणात किल्ल्यापुढे बसलेली नात आणि खाली आईचा निरोप, ‘हा टाकू का?’ लेक उठल्यावर तिने पाहिला, मोठा करून पाहिला.

‘‘आजी, यात मी डोळे मिटलेत,’’ ती फोनवर म्हणाली. ‘‘पण किल्ला छान दिसतोय. टाक.’’